कॉलेज फुटबॉलचा वाद मुद्द्यावर कसा ठेवावा: कॉन्फरन्स, पोर्टल आणि पुढचा हंगाम

‘बिग टेनमध्ये आमचा संघ शोभत नाही’, ‘पोर्टलमधून आणलेला टॅकल कच्चा आहे’ आणि ‘शनिवारी दोन फम्बलनी घात केला’ ही तीन वाक्यं अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे चाहते एका दमात बोलून जातात. (कॉन्फरन्स म्हणजे एकत्र खेळणारा आणि प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकणारा कॉलेजांचा गट, बिग टेन हा त्यातला एक. पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, टॅकल म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतला खेळाडू, फम्बल म्हणजे हातातून सुटलेला चेंडू.) तिन्ही खरी असू शकतात, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे. कॉन्फरन्सचा प्रश्न प्रक्षेपण करारांच्या मुदतीवर चालतो, म्हणजे सात-दहा वर्षांचा. ट्रान्सफरचा प्रश्न एका हंगामाचा आणि फम्बलचा एका संध्याकाळचा. शनिवारच्या पराभवावरून कॉन्फरन्स सोडायची मागणी केली, की समोरच्याला उत्तर देता येत नाही आणि आपल्यालाही काही सिद्ध करता येत नाही. म्हणून वादात उतरण्याआधी ठरवा: आपलं म्हणणं किती काळात खरं-खोटं ठरणार आहे? मग त्या काळाला साजेसा पुरावा शोधा.

कॉन्फरन्स: आधी तारखा, मग भावना

एक कागद घ्या आणि प्रत्येक कॉन्फरन्सच्या प्रक्षेपण कराराची मुदत लिहून काढा. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी असलेला करार २०२९–३० मध्ये संपतो. बिग १२ चा ईएसपीएन आणि फॉक्सशी करार २०३०–३१ पर्यंत आहे. एसईसी २०३३–३४ पर्यंत आणि एसीसी २०३५–३६ पर्यंत ईएसपीएनकडे आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी एसीसीविरुद्ध लढवलेले खटले मार्च २०२५ मध्ये तडजोडीने मिटले, आणि त्यातून बाहेर पडण्याची किंमत ठरली: २०२५–२६ मध्ये १६.५ कोटी डॉलर, पुढे दरवर्षी १.८ कोटींनी कमी, आणि २०३०–३१ मध्ये ७.५ कोटी. हे आकडे समोर ठेवले की ‘पुढच्या वर्षी क्लेमसन एसईसीत जाणार’ हा दावा आपोआप अडचणीत येतो. मोठी हालचाल झालीच तर ती २०३० च्या आसपास होणं जास्त पटतं, कारण त्या सुमाराला बाहेर पडणं स्वस्त होतं आणि बिग टेन नवा करार मागत असते.

दुसरी पायरी वाटणीच्या गणिताची. नवा संघ घ्यायचा तर त्याने किमान एका वाट्याइतके जादा पैसे आणले पाहिजेत, नाहीतर जुन्या सदस्यांच्या ताटातलं कमी होतं. २०२३–२४ मध्ये बिग टेनच्या जुन्या सदस्यांना प्रत्येकी साधारण ६.३ कोटी डॉलर मिळाले, एसईसीत साधारण ५.२ कोटी, एसीसीत सरासरी साडेचार कोटींच्या घरात. आता हा प्रश्न आपल्या आवडत्या उमेदवाराला लावा: हा संघ वर्षाला पाच-सहा कोटी डॉलरचे प्रेक्षक आणतो का? बहुतेक संघ आणत नाहीत, म्हणून ते अर्ध्या ताटावर बसतात. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन २०२४ मध्ये बिग टेनमध्ये आले ते कमी वाट्यावर. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांनी एसीसीत सुरुवातीची वर्षं सुमारे ३० टक्के वाटा मान्य केला. एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) तर नऊ वर्षं एसीसीच्या प्रक्षेपण पैशांवर पाणी सोडलं आणि दात्यांच्या जोरावर उडी घेतली. ‘आम्हालाही घ्या’ म्हणणाऱ्या चाहत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमचे दाते किती वर्षं ओझं उचलतील?

इथे एक जुनी समजूत अजून चालते, ती म्हणजे मोठ्या शहराजवळचं कॉलेज आपोआप मौल्यवान. २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड बिग टेनमध्ये आले तेव्हा ते खरं होतं, कारण त्या भागातल्या प्रत्येक केबल जोडणीमागे बिग टेन नेटवर्कला पैसे मिळत. लोक सामना पाहतात की नाही याला तेव्हा दुय्यम महत्त्व होतं. केबल जोडण्या आटल्या तसं माप बदललं. आता विचारतात, की हा संघ राष्ट्रीय वाहिनीवर दाखवला तर किती लोक बसून पाहतात? एसीसीने तर तडजोडीत प्रक्षेपणाच्या पैशांचा मोठा भाग प्रेक्षकसंख्येवर वाटायचं मान्य केलं. त्यामुळे वादात शहराची लोकसंख्या सांगू नका, गेल्या तीन हंगामांतल्या राष्ट्रीय सामन्यांचे प्रेक्षक सांगा, आणि समोरचा संघ कोण होता तेही सांगा. ओहायो स्टेटविरुद्धचा सामना खूप लोकांनी पाहिला तर त्याचं श्रेय नेमकं कुणाचं, हा रास्त प्रश्न आहे.

पैशांनंतर येतो खरा ‘जुळण्याचा’ मुद्दा, आणि तो नेहमी कोणत्या खेळासाठी असं विचारूनच मांडायचा. फुटबॉल संघ हंगामात परक्या मैदानावर पाच-सहा वेळा जातो, तोही खास विमानाने आणि आठवड्याच्या शेवटी. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलचा संघ मात्र आठवड्याच्या मधोमध, साध्या प्रवासी विमानाने, परीक्षा अंगावर घेऊन उडतो. स्टॅनफर्डहून बॉस्टन कॉलेजला जायचं तर अंतर चार हजार किलोमीटरहून अधिक आणि घड्याळात तीन तासांचा फरक. कॉन्फरन्स बदलाची खरी किंमत हे खेळाडू मोजतात, आणि फुटबॉलच्या चर्चेत त्यांचं नाव निघत नाही याचं मनापासून वाईट वाटतं. प्रवासाबद्दल बोलायचं तर आधी त्यांचं वेळापत्रक उघडा.

यूकॉनचं (कनेटिकट विद्यापीठ) उदाहरण वादात फार कामाला येतं. त्यांनी १.७ कोटी डॉलर भरून अमेरिकन कॉन्फरन्स सोडली, २०२० मध्ये बिग ईस्टमध्ये परतले आणि फुटबॉल स्वतंत्र ठेवला. फुटबॉलच्या चष्म्यातून ते पाऊल मागे होतं. पण विद्यापीठाचा कणा बास्केटबॉल होता, आणि पुरुष संघाने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली.

शैक्षणिक बाजू लोक उगाच हसण्यावारी नेतात. बिग टेनमधल्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना एएयू या संशोधन विद्यापीठांच्या संघटनेचं सदस्यत्व महत्त्वाचं वाटतं. २०२४ मध्ये आलेली यूएससी, यूसीएलए, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ही चारही विद्यापीठं एएयूत आहेत. नेब्रास्काने २०११ मध्ये, बिग टेनमध्ये दाखल होण्याच्या सुमारासच, ते सदस्यत्व गमावलं. मत कोच देत नाहीत, विद्यापीठाचे अध्यक्ष देतात, हे विसरलं की अंदाज चुकतात.

जुन्या लढती आपोआप टिकतील असंही धरू नका. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची बेडलॅम नावाची लढत २०२३ मध्ये २७–२४ अशी ओक्लाहोमा स्टेटने जिंकली आणि दरवर्षीचा तो सामना थांबला. उलट टेक्सास एसईसीत आल्यामुळे टेक्सास ए अँड एमविरुद्धची २०११ पासून बंद पडलेली लढत २०२४ मध्ये परत सुरू झाली, १७–७ टेक्सास. एसईसीने २०२६ पासून कॉन्फरन्सचे नऊ सामने ठरवले आहेत. मग बाहेरच्या लढतींसाठी तीनच जागा उरतात. जुनी लढत वाचवा म्हणायचं तर त्या तीनपैकी कोणता सामना काढायचा तेही सांगावं लागेल.

पोर्टल: खेळाडू आला म्हणजे नेमकं काय झालं

ट्रान्सफर पोर्टल १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदली केली तर एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर एप्रिल २०२४ मध्ये कितीही वेळा बदली करून लगेच खेळायची मुभा मिळाली, फक्त अभ्यासाची अट पूर्ण हवी. या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. २०१९ च्या ट्रान्सफरची २०२५ च्या ट्रान्सफरशी तुलना करताना लोक वेगवेगळ्या नियमांचे खेळाडू एका रांगेत उभे करतात.

‘पोर्टलमध्ये गेला’ याचा अर्थ ‘सोडून गेला’ असा नाही. खेळाडू कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाला कळवतो, कार्यालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत घालायचं असतं, आणि त्यानंतरच इतर कोच त्याच्याशी बोलू शकतात. तो नाव मागे घेऊ शकतो, पण जुन्या कॉलेजने त्याची शिष्यवृत्ती राखून ठेवलीच पाहिजे असं नाही. ही यादी सर्वांसाठी खुली नसते, बातमी पत्रकारांकडून येते. फुटबॉलसाठी आता हिवाळ्यात एकच विंडो आहे: २०२६ मध्ये ती २ ते १६ जानेवारी होती आणि वसंतातली विंडो बंद झाली. ही मुदत नाव घालण्यासाठी आहे, नवं कॉलेज निवडण्यासाठी नाही. मुदतीत नाव घातलेला खेळाडू फेब्रुवारीतही निर्णय घेऊ शकतो. मात्र ‘एप्रिलमध्ये एखादा टॅकल उचलू’ हे जुनं वाक्य आता चालत नाही. मुख्य कोच बदलला तर त्या संघाच्या खेळाडूंना वेगळी मुदत मिळते, तेवढाच अपवाद मनात ठेवा.

मग पात्रता मोजा. मूळ नियम पाच वर्षांत चार हंगाम. फुटबॉलमध्ये चार किंवा कमी सामने खेळलेला हंगाम रेडशर्ट म्हणून, म्हणजे चार हंगामांत न धरता, वाचवता येतो, हा नियम २०१८ पासूनचा. २०२०–२१ चा कोविड हंगाम कुणाच्याच खात्यात धरला गेला नाही, म्हणून मधली काही वर्षं सहाव्या-सातव्या वर्षाचे खेळाडू दिसत होते. डिसेंबर २०२४ मध्ये वँडरबिल्टचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डिएगो पाविया याला न्यायालयाने ज्युनियर कॉलेजच्या हंगामाबाबत दिलासा दिला आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने तशाच स्थितीतल्या इतरांना २०२५–२६ साठी सूट दिली. याबाबत बोलताना नियम किंवा आदेश कोणता आणि कधीचा ते सांगा. ‘त्याला अजून एक वर्ष आहे’ एवढं पुरत नाही.

प्रवेशाची अडचण चाहते हमखास विसरतात. पदवीकडे वाटचाल म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ४० टक्के, चौथ्याला ६० आणि पाचव्याला ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण असावा लागतो. जुन्या कॉलेजचे क्रेडिट नव्या ठिकाणी धरले नाहीत तर चांगला विद्यार्थीही अडकतो. २०२३ मध्ये बास्केटबॉलपटू केलेब लव्हने नॉर्थ कॅरोलायना सोडून मिशिगनला होकार दिला होता, प्रवेशाच्या अडचणीमुळे तो फिरला, ॲरिझोनाला गेला आणि पॅक-१२ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून तिसऱ्या वर्षाचा खेळाडू कडक प्रवेशाच्या विद्यापीठात येतोय अशी बातमी आली, की तो वर्गात नाव नोंदवेपर्यंत हात आखडता ठेवा. पदवी पूर्ण करून आलेल्याची ही अडचण बरीच कमी असते.

आता पैसे. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार २०२५–२६ साठी एक कॉलेज खेळाडूंना थेट साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतं. ही मर्यादा सगळ्या खेळांची मिळून आहे. अनेक ठिकाणी फुटबॉलला सुमारे ७५ टक्के हे प्रमाण धरतात, म्हणजे दीड कोटीच्या आसपास. बिग ईस्टमधल्या ज्या कॉलेजांत मोठं फुटबॉल नाही, ती बास्केटबॉलला कितीतरी मोठा वाटा देऊ शकतात. बाहेरच्या कंपन्यांचे ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे एनआयएल (खेळाडूचं नाव आणि छबी वापरण्याचे) करार वेगळ्या तपासणीतून जातात. फुटबॉल संघाची मर्यादा आता १०५ खेळाडूंची आहे. एका क्वार्टरबॅकवर मोठी रक्कम गेली तर ती कुठल्या जागेवरून काढली, हे शोधा. बहुतेक वेळा उत्तर दुसऱ्या फळीच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची पाचजणांची रांग) सापडतं, आणि ते ऑक्टोबरमध्ये दुखापती सुरू झाल्यावर उघडं पडतं.

या सगळ्यानंतर खेळाडूकडे पाहायचं. इथे ताऱ्यांपेक्षा (शाळेतून भरती होताना मिळालेल्या मानांकनापेक्षा) स्नॅप्स मोजा, म्हणजे प्रत्यक्ष किती खेळी तो मैदानावर होता. हिशोब असा मांडा. प्रत्येक जागेसाठी एक ओळ, तीत पाच रकाने: गेलेल्याचे गेल्या हंगामातले स्नॅप्स, आलेल्याचे स्नॅप्स, तो कुठल्या स्तरावरून आला, उरलेली वर्षं, आणि त्याने नेमकी हीच जागा खेळली होती का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. समजा, डावा टॅकल गेला. १२ सामन्यांत तो साधारण ८०० स्नॅप्स खेळला होता. त्याच्या जागी ६०० स्नॅप्सचा अनुभव घेऊन एकजण आला, पण त्यातले ४५० उजव्या गार्डचे. मग डाव्या टॅकलचा अनुभव उरतो जास्तीत जास्त १५०. पायांची मांडणी उलटी, समोर क्वार्टरबॅकवर धावून येणारा सर्वांत वेगवान पास-रशर, आणि शेजारचा गार्ड अनोळखी. बातमीत मात्र ‘अनुभवी लाइनमन’ असंच येतं. खालच्या स्तरावरून आलेला असेल तर स्नॅप्स निम्मे धरा. हा ढोबळ आडाखा आहे, पण फुगवलेल्या आशा जमिनीवर आणतो.

स्नॅप्सची मोजणी अधिकृत बॉक्स स्कोअरमध्ये नसते, तिथे फक्त कोण खेळला आणि सुरुवातीला कोण होतं एवढं कळतं. पीएफएफसारख्या सेवांकडे आकडे असतात. ते नसतील तर किती सामन्यांत सुरुवात केली हेच वापरा, पण दोन खेळाडूंसाठी दोन वेगळी मापं लावू नका.

आता तीन संघ शेजारी ठेवून बघा. कोलोराडो २०२२ मध्ये १–११ होतं, म्हणजे एक विजय आणि अकरा पराभव. मुख्य कोच म्हणून डिऑन सँडर्स आले आणि ५० हून अधिक ट्रान्सफर आणले. त्यांच्यासोबत जॅक्सन स्टेटहून आलेले शेड्युर सँडर्स आणि ट्रॅव्हिस हंटर चमकले, पण ऑफेन्सिव्ह लाइनने २०२३ मध्ये ५० हून अधिक सॅक दिले (म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेला) आणि हंगाम ४–८ वर संपला. पुढच्या वर्षी ९–४. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३–१ होतं. क्वार्टरबॅकसह मोठ्या जागा पोर्टलमधून भरल्या आणि २०२४ मध्ये २–१०. इंडियाना २०२३ मध्ये ३–९ होतं. मुख्य कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून १३ खेळाडू घेऊन आले, २०२४ मध्ये ११–२, आणि २०२५ च्या हंगामात १६–० राहून अंतिम सामन्यात मायॅमीला २७–२१ हरवलं. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलहून आला होता आणि त्यानेच हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली.

यातून ‘पोर्टल चांगलं’ किंवा ‘पोर्टल वाईट’ असा निकाल लागत नाही. फरक दोन गोष्टींत दिसतो. इंडियानाने आधी उत्पादन दाखवलेले खेळाडू घेतले, नुसती शरीरयष्टी पाहून नाही. आणि बऱ्याच जणांना कोचची पद्धत आधीच ठाऊक होती, म्हणजे खुणा, खेळींची नावं, सरावाचा वेग. रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक एकट्याच्या बळावर पहिल्या दिवसापासून चालू शकतो. लाइनचे पाचजण एकत्र लयीत यायला महिने लागतात. नव्या संघाची ऑफेन्सिव्ह लाइन पूर्ण बाहेरची असेल तर पहिल्या चार सामन्यांत सॅक वाढतील असं धरून चाला.

पुढच्या हंगामाचा अंदाज

गेल्या हंगामाच्या विजय-पराभवांपासून सुरुवात करू नका. आधी जवळचे सामने वेगळे काढा, म्हणजे आठ किंवा कमी गुणांनी ठरलेले. टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) २०२१ मध्ये ५–७ होतं, २०२२ मध्ये अटीतटीचे सामने एकामागून एक जिंकत अंतिम फेरीपर्यंत पोहोचलं, जॉर्जियाकडून ६५–७ हरलं, आणि २०२३ मध्ये पुन्हा ५–७. जवळच्या सामन्यांतलं यश बहुतेक संघांना पुढच्या वर्षी टिकवता येत नाही. फम्बलचंही तसंच. चेंडू हातातून सुटणं हा दोष असू शकतो, पण सुटलेला चेंडू कुणाच्या अंगाखाली येतो हे साधारण निम्मं-निम्मं. एखाद्या संघाने हंगामात सुटलेले ७० टक्के फम्बल उचलले असतील, तर तेवढा आकडा पुढच्या वर्षी धरू नका.

पण ‘नशीब फिरेल’ हा मुद्दा अर्धाच आहे. नेब्रास्का २०२१ मध्ये ३–९ होतं, नऊही पराभव नऊ किंवा कमी गुणांनी, आणि संपूर्ण हंगामात त्यांनी दिलेल्यापेक्षा जास्त गुण केले होते. सगळ्या गणितांनी पुढचं वर्ष बरं जाईल असं सांगितलं. झालं ४–८, आणि तीन सामन्यांनंतर कोच गेला. त्यांचा क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला. तिथे त्याला दुखापत झाल्यावर विल हॉवर्डने सूत्रं घेतली आणि २०२२ ची बिग १२ स्पर्धा टीसीयूला हरवून जिंकली. तोच हॉवर्ड पुढे ओहायो स्टेटला गेला आणि २०२४ च्या हंगामाचा विजेता झाला. जवळचे पराभव सतत होत असतील तर किकर, चौथ्या डाउनवरचे (१० यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी शेवटचा) निर्णय आणि किकसाठी उतरणारी खास पथकं तपासा. तिथे दोष सापडला तर ते नशीब नव्हतं.

सामना वाचताना एकूण यार्ड्सवर जाऊ नका, यशस्वी खेळींचं प्रमाण काढा. मोजणी सोपी आहे: पहिल्या डाउनवर लागणाऱ्या अंतराच्या ५० टक्के, दुसऱ्यावर ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण अंतर मिळालं तर खेळी यशस्वी. पहिल्या डाउनला १० हवेत आणि ५ मिळाले, यशस्वी. दुसऱ्याला ५ हवेत आणि ३ मिळाले, अपयशी, कारण साडेतीन लागत होते. तिसऱ्याला २ हवेत आणि २ मिळाले, यशस्वी. निकाल ठरून गेल्यानंतरच्या खेळी वगळा. चौथ्या सत्रात २८ गुणांनी मागे असताना मिळालेले १५० यार्ड्स समोरच्या दुसऱ्या फळीने दिलेले असतात. एका सामन्याची अशी मोजणी करायला तास-दीड तास लागतो. तीन सामने केले की संघ सातत्याने थोडं-थोडं पुढे सरकतो की दोन-तीन लांब खेळींवर जगतो, हे स्पष्ट दिसतं. लांब खेळींवर जगणारा संघ चांगल्या बचावासमोर अचानक आटतो.

परतणाऱ्या खेळाडूंच्या उत्पादनाचा आकडा विश्लेषक बिल कॉनेली दरवर्षी काढतात, आणि त्यात आलेल्या ट्रान्सफरची कामगिरीही धरतात. तो आकडा वापरा, पण परतणारी कामगिरी मुळात चांगली होती का ते पाहा. २–१० संघाचे ८० टक्के खेळाडू परतले, याने सुधारणा होते, पण किती वरून? ब्लू-चिप रेशो हे दुसरं माप: गेल्या चार भरती वर्गांत शाळेतून घेतलेल्या खेळाडूंपैकी चार-पाच तारे असलेले निम्म्याहून अधिक आहेत का. वर्षानुवर्षं विजेते याच यादीतून येत. २०२५ च्या इंडियानाने ही भिंत पाडली, कारण या मापात ट्रान्सफर धरतच नाहीत. तरीही ते फेकून देऊ नका. एका संघाने नियम मोडला म्हणून बाकीच्या शंभरांना तो लागू होत नाही असं नाही.

वेळापत्रक वाचताना घरचे-परके सामने, सुट्टीचा आठवडा आणि प्रवास एका ओळीत लिहा. यूएससी २०२४ मध्ये, बिग टेनमधल्या पहिल्याच वर्षी, ७–६ राहिलं. बिग टेनमधले पराभव मिशिगनकडून २७–२४, मिनेसोटाकडून २४–१७, पेन स्टेटकडून ३३–३०, मेरीलँडकडून २९–२८ आणि वॉशिंग्टनकडून २६–२१. पाचही सात किंवा कमी गुणांचे. तीन पराभव दूरच्या प्रवासात. प्रवास की नशीब? पुढच्या वर्षी नियमित हंगाम ९–३, आणि तिन्ही पराभव परक्या मैदानावर. म्हणजे नशिबाचा भाग सुधारला, प्रवासाचा प्रश्न तसाच उभा राहिला. याच संघावर दोन चाहते वर्षभर भांडू शकतात आणि दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

बास्केटबॉल असेल तर

इथे एक-दोन खेळाडूंनी संघ पालटतो. फ्लोरिडाने २०२५ चं विजेतेपद ह्यूस्टनला ६५–६३ हरवून मिळवलं तेव्हा सुरुवातीच्या पाचांतले चार बदली होऊन आलेले होते, आणि वॉल्टर क्लेटन लहान कॉन्फरन्समधल्या आयोना विद्यापीठातून आला होता. अंदाजासाठी केनपॉम या आकडेवारीच्या संकेतस्थळावरचे ऑफेन्स आणि डिफेन्सचे आकडे वेगवेगळे पाहा. मार्चमधल्या ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीच्या वादासाठी मात्र नेट या एनसीएएच्या क्रमवारीचे क्वाड्रंट (प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार सामन्यांचे चार गट) लागतात: क्वाड १ म्हणजे घरी पहिल्या ३०, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० आणि परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याचं स्थान मार्चपर्यंत हलत राहतं, म्हणून डिसेंबरमधला क्वाड १ विजय फेब्रुवारीत क्वाड २ झालेला असू शकतो. तारीख टाकल्याशिवाय क्वाडचा आकडा देऊ नका. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना क्वाड १ मध्ये १–१२ असूनही ६८ जणांत आलं, हे उदाहरण या वादात पुढची बरीच वर्षं निघेल.

प्लेऑफच्या निवडीवर भांडताना

दोन शब्द वेगळे ठेवा: ‘सर्वांत चांगला’ आणि ‘सर्वांत लायक’. पहिला पुढच्या शनिवारी कोण जिंकेल याबद्दल आहे, दुसरा आतापर्यंत कुणी काय कमावलं याबद्दल. २०२३ मध्ये १३–० फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिलं आणि अलाबामा आत गेलं, कारण फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीनंतर निवड समितीने पहिल्या शब्दाकडे झुकतं माप दिलं. त्या खेळाडूंनी मैदानावर सगळं दिलं होतं, आणि तो निर्णय आजही बोचतो. पुढच्या वर्षी १२ संघांच्या प्लेऑफमध्ये ११–१ इंडियाना आणि ११–२ एसएमयू आत, ९–३ अलाबामा बाहेर, म्हणजे दुसऱ्या शब्दाला वजन आलं. एकाच वाक्यात दोन्ही शब्द वापरणाऱ्याला थांबवा आणि एक निवडायला लावा. निवडलेला शब्द मग सगळ्या संघांना लावायला सांगा, त्याच्या स्वतःच्या संघालाही.

मानांकनाचा नियमही तपासा. २०२४ मध्ये पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स विजेत्यांना राखीव होती. ओरेगॉन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट यांना थेट पुढची फेरी मिळाली आणि चौघेही आपला पहिलाच सामना हरले. २०२५ पासून समितीच्या क्रमवारीप्रमाणेच मानांकन होतं, आणि २०२५ मध्ये क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा पक्की होती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आपला अंदाज तारीख टाकून लिहा: एकूण विजय, कोणते तीन सामने निर्णायक, आणि कोणत्या जागेवर संघ फसेल. चौथ्या सामन्यानंतर फक्त तिसरा भाग तपासा, कारण तेवढ्यात लाइन आणि क्वार्टरबॅकचं कळतं. विजयांचा आकडा नोव्हेंबरच्या शेवटीच उघडा. चुकला असेल तर शेजारी कारण लिहा: दुखापत, जवळचे सामने, की स्नॅप्सच्या हिशोबातली चूक. तीच वही पुढच्या जानेवारीत, पोर्टलची विंडो उघडेल तेव्हा, पहिल्या पानापासून परत वाचायला घ्या.